भेंडवळचं भाकीत सकाळीच मोबाईलवर येतं. आपल्या मालाची पोस्ट का फिरत नाही?

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला सायंकाळी शेतात घटमांडणी होते. गोलात अठरा प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, सोबत पुरी, पापड, करंजी, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील महाराज पाहणी करून भाकीत सांगतात आणि ऊन चढायच्या आत ते व्हॉट्सॲपवर जिल्हाभर फिरतं. भाकिताला शास्त्रीय आधार नाही, पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज पाहूनच घ्यावा. पण जाहिरातीचा एक रुपया खर्च न करता हा मजकूर एवढा पसरतो कसा, हे माल विकणाऱ्यानं पाहण्यासारखं आहे.

एक तर वेळ. बियाणे-खताची जुळवाजुळव सुरू असते, डोक्यात पाऊसच असतो. दुसरं, मजकूर तुटक असतो: जून कसा, जुलै कसा, कपाशी, सोयाबीन, तूर. ज्याच्या वावरात जे, तो ती ओळ वाचतो. आणि पाठवणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्याच्या कामाचं काही दिलं. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. "आमच्याकडे उत्तम प्रतीची तूरडाळ मिळेल" ही पोस्ट पुढं पाठवून कोणाचं काय भलं होणार?

त्याऐवजी गाव, किती किलो शिल्लक, भाव, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. डाळ घरच्या चुलीवर शिजतानाचा छोटा व्हिडिओ टाका. तारीख विसरू नका, नाहीतर माल संपल्यावरही फोन येत राहतात.

फॉरवर्डवर फार विसंबू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध माणसं मारली. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. भीतीचा मजकूर सर्वात जोरात पळतो, म्हणून "बाजारातली डाळ विषारी" असलं लिहून आपली विकू नये.

घेणाऱ्यालाच सांगा, भाऊ, कशी शिजली ते दोन ओळीत तुमच्या स्टेटसला लिहा. खामगावच्या गिऱ्हाईकाचं स्टेटस त्याचे शेजारी अन् पाहुणे पाहतात, अन् त्यांना डाळ लागतेच.