उपग्रहमार्गे दूरभाषण आणि उत्तरापूर्वीचे मौन

२३ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि नायजेरियाचे पंतप्रधान अबूबकर तफावा बलेवा यांच्यात दूरध्वनीवरून संभाषण झाले. वॉशिंग्टनहून निघालेला आवाज 'सिंकॉम २' या कृत्रिम उपग्रहावरून परतून लागोसच्या बंदरात उभ्या असलेल्या 'किंग्सपोर्ट' या जहाजावर उतरला. दोन शासनप्रमुखांमध्ये उपग्रहमार्गे झालेले हे पहिले थेट संभाषण होय. या घटनेचे महत्त्व सहसा अंतराच्या अंगाने सांगितले जाते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तिचे महत्त्व काळाच्या अंगाने अधिक वाटेल. कारण बोलणे संपणे आणि उत्तर कानी पडणे यांच्यामध्ये निसर्गनियमानेच अर्ध्या सेकंदाचे मौन त्या दिवशी येऊन बसले, आणि पुढे जेथे जेथे हा मार्ग गेला तेथे तेथे ते त्याच्याबरोबर गेले.

या मौनाचे गणित सोपे आहे. पृथ्वीबरोबर फिरणारा उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. ध्वनीचे विद्युत्‌चुंबकीय रूप प्रकाशाच्या वेगाने वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो, आणि प्रश्नाचे उत्तर परत यायचे तर तो दुपटीने मोजावा लागतो. आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये अशा कक्षेची कल्पना मांडली, तेव्हापासून हे गणित कोणालाही करता येण्याजोगे होते. १९६२ चा 'टेलस्टार' उपग्रह पुष्कळ खालून फिरत असे, आणि खालून फिरणाऱ्या अनेक उपग्रहांची माळ उभारावी असा विचार त्या काळी बेल कंपनीच्या तंत्रज्ञांमध्ये प्रबळ होता. भूस्थिर कक्षेवरील त्यांच्या आक्षेपांपैकी एक या विलंबाचाच होता. परंतु खालच्या उपग्रहाचा माग काढीत अँटेना सतत फिरवीत राहावी लागते. वरचा उपग्रह जागीच उभा दिसतो आणि थोड्या उपग्रहांत काम भागते. हिशेबाच्या वहीत पाव सेकंद हरला. एप्रिल १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' भूस्थिर कक्षेत गेला आणि त्याच वर्षीच्या जूनअखेरीस २४० दूरध्वनी-मार्गांची व्यापारी सेवा अटलांटिकवर सुरू झाली.

प्रारंभी विलंबापेक्षा प्रतिध्वनीचीच चिंता अधिक होती, आणि ते साहजिक होते. दूरच्या टोकाला दोन तारांचे चार तारांशी सांधे जेथे जुळतात तेथून बोलणाऱ्याचा स्वतःचाच आवाज थोडा परततो. जवळच्या मार्गावर तो ऐकू येत नाही. अर्ध्या सेकंदाने परतला तर बोलणारा अडखळतो. यावर प्रथम जे उपकरण वापरले गेले ते एक बाजू बोलत असताना दुसऱ्या बाजूचा मार्ग दाबून टाकीत असे. प्रतिध्वनी गेला, पण त्याच्याबरोबर श्रोत्याचा हुंकारही गेला. मराठी वाचकाला या हानीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. 'हं', 'बरं', 'हो का' हे शब्द अर्थ फारसा वाहत नाहीत. श्रोता जागा आहे एवढेच ते कळवितात. १९६७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत मनमोहन सोंधी प्रभृतींनी प्रतिध्वनीची गणिती प्रतिमा करून ती मूळ ध्वनीतून वजा करण्याची युक्ती विकसित केली. १९८० च्या सुमारास ती एका सिलिकॉन चकतीवर बसली, आणि दोन्ही माणसांना एकाच वेळी बोलता येऊ लागले.

याच प्रयोगशाळेत रीझ आणि क्लेमर यांनी १९६३ मध्ये केलेले परीक्षण अधिक विचारात घेण्याजोगे आहे. लोकांच्या दूरध्वनीमार्गांत मुद्दाम विलंब घातला असता, प्रतिध्वनी नसेल तर त्यांनी तो प्रथम बराच सहन केला. पण दीर्घ विलंबाचा अनुभव एकदा घेतल्यावर पूर्वी खपलेला अल्प विलंबही त्यांना खटकू लागला. म्हणजे विलंब कानाला कळत नव्हता असे नव्हे. तो विलंब आहे हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पुढील सर्व इतिहासाची किल्ली या एका निरीक्षणात आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

दूरस्थ कार्यालयांपर्यंत उपग्रहाचा आवाज कसा पोहोचला याचे जुने आणि बोलके उदाहरण अलास्कातील आहे. तेथील खेड्यांतून आरोग्यसेविका रुग्ण पाहत आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरचा सल्ला ऱ्हस्वलहरी रेडिओवरून घेत. ध्रुवीय आकाशातील विक्षोभामुळे हा रेडिओ कित्येकदा मुका पडे. १९७१ पासून 'ए.टी.एस. १' या उपग्रहावरून टॅनाना येथील रुग्णालय आणि सुमारे २५ केंद्रे जोडण्याचा प्रयोग झाला. येथे एका वेळी एकच जण बोलू शके. कळ दाबावी, बोलावे, संपल्याचे सांगावे आणि कळ सोडावी. मार्ग सामाईक असल्याने एका खेड्याचा सल्ला इतर खेड्यांतील सेविकाही ऐकत आणि त्यातून शिकत. खाजगीपणा त्यात नव्हता, हे खरे. पण पाळी कोणाची हे उच्चाराने ठरत असल्याने मौनाचा अर्थ लावण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. मौन म्हणजे उपग्रह, हे सर्वांना ठाऊक होते.

१९७५ मध्ये अलास्काच्या विधिमंडळाने शंभराहून अधिक खेड्यांसाठी लहान भूकेंद्रे घेण्याकरिता ५० लक्ष डॉलर मंजूर केले आणि खरा दूरध्वनी आला. त्याबरोबर नवी अडचणही आली. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात बोलायचे तर आवाज उपग्रहावरून मोठ्या केंद्रात उतरून पुन्हा वर चढत असे. शेजारच्या दोन गावांतील संभाषण दोनदा अंतराळ ओलांडू लागले आणि उत्तरापूर्वीचे मौन एका सेकंदावर गेले.

महाराष्ट्रात हा मार्ग १९७१ मध्येच आला होता. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे परदेश दळणवळण सेवेचे भूकेंद्र त्या वर्षी सुरू झाले. पुढे त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत परदेशाशी बोलणे रेडिओलहरींच्या चढउतारावर अवलंबून असे. ट्रंक कॉलवर ओरडून बोलण्याची सवय असलेल्या पिढीला आर्वीमार्गे आलेला स्वच्छ आवाज नवलाचा वाटला असल्यास आश्चर्य नाही. स्वच्छता हा येथे महत्त्वाचा शब्द आहे. खरखर, ओरड आणि 'ऐका, ऐका' यांच्यामध्ये उशिराचे कारण शोधावे लागत नाही. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येऊ लागला की मात्र उशीर माणसाच्या माथी बसतो.

आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठविण्याचा प्रयत्न याच दशकातला आहे. १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या 'आर्पानेट'वर कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स यांच्यात असे भाषण घडवून आणले. त्याचे नियम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोहेन यांचा आग्रह असा की, हरवलेला तुकडा पुन्हा मागवून अचूक पण उशिरा पोहोचविण्यापेक्षा तो सोडून देऊन पुढचा वेळेवर पोहोचवावा. लिखित मजकुराला अक्षर गळलेले चालत नाही. उच्चारित भाषेला क्षण गळलेला चालतो, पण उशीर चालत नाही. १९७८ मध्ये इंटरनेटच्या एकसंध नियमावलीचे दोन थर करण्यात आले, त्यामागे आवाजाची ही गरज हे एक कारण होते. भाषण आणि लेखन यांतील भेद यंत्राच्या रचनेत इतका स्पष्टपणे उतरल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

योगायोग असा की, त्याच १९७४ मध्ये सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा संभाषणातील पाळीविषयीचा प्रबंध 'लँग्वेज' या नियतकालिकात आला. संभाषणात माणसे एकमेकांच्या वाक्याचा शेवट आधीच ओळखतात आणि फारसा खंड न पडू देता पाळी उचलतात, हे त्यांनी दाखविले. स्टिव्हर्स प्रभृतींनी २००९ मध्ये दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजली, तेव्हा हा खंड सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आढळला. (त्या दहांमध्ये भारतीय भाषा एकही नव्हती.) स्वतः जेफरसन यांनी १९८९ मध्ये असे सुचविले की, सुमारे एक सेकंद ही संभाषणातील मौनाची सोसण्याजोगी मर्यादा असावी, त्यापुढे कोणीतरी बोलतेच. याला आणखी एका निरीक्षणाची जोड द्यावी लागते. होकार लवकर येतो, नकार रेंगाळत येतो. म्हणून रेंगाळलेले उत्तर शब्द ऐकू येण्यापूर्वीच नकारासारखे वाटते.

आता व्हीसॅट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान तबकडीच्या केंद्राकडे वळावे. खाणी, धरणांची कामे, शाखा-कार्यालये यांना १९८० नंतर या तबकड्यांनी जोडले. बहुतेक ठिकाणी रचना चाकाच्या आऱ्यांसारखी असे: मध्यभागी मोठे केंद्र, भोवती दूरची कार्यालये. भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या 'निकनेट'ने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची ठिकाणे याच प्रकारे जोडली. पण ती वाहतूक आकड्यांची आणि मजकुराची होती, आणि मजकुराला अर्धा सेकंद म्हणजे काहीच नव्हे. इंटरनेटवरील दूरध्वनीस भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. तोवर जगभर एच. ३२३ आणि सिप या नियमावल्या स्थिरावल्या होत्या, आणि ज्या तबकडीवरून हिशेब जातात तिच्यावरूनच बोलावे हा मोह कोणत्याही मुख्य कार्यालयाला पडण्यासारखा होता. वेगळ्या मार्गाचे भाडे वाचत होते.

पण त्या तबकडीवरून बोलणे जितके स्वस्त दिसे तितके ते नव्हते. जी. ७२९ या प्रचलित पद्धतीत आवाज सेकंदाला आठ हजार बिटांवर आणता येतो. म्हणजे २० मिलिसेकंदांच्या बोलण्याला २० बाइट. त्या प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक यांचे ४० बाइट चढतात. पत्राहून लखोटा दुप्पट जड, आणि आठ हजारांचे चोवीस हजार होतात. १९९९ मध्ये हा लखोटा दोन ते चार बाइटांपर्यंत दाबण्याची रीत प्रमाणित झाली. दुसरी अडचण रांगेची. सेकंदाला ६४ हजार बिटांच्या मार्गावर हिशेबाचे एक पूर्ण पॅकेट पुढे शिरले तर त्याला १८७ मिलिसेकंद लागतात, तोवर आवाज दाराशी खोळंबतो. म्हणून आवाजाला अग्रक्रम द्यावा लागला. तुकडे कमीअधिक अंतराने येतात म्हणून ते थोडे साठवून मग ऐकवावे लागतात. प्रत्येक उपायाने आवाज सुधारला, पण साठवणुकीसारख्या उपायाने उशिरात भरही घातली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुधा जाणवत नाही आणि ४०० च्या वर जाऊ नये. उपग्रहाची एक उडी ही मर्यादा कशीबशी पाळते. दोन दूरस्थ कार्यालये मोठ्या केंद्रामार्गे बोलू लागली की ती मोडते.

याचा परिणाम एका साध्या संवादावर पाहता येईल. मुख्य कार्यालयातून विचारले जाते, "अहवाल पाठवलात का?" पलीकडचा कर्मचारी तत्काळ "हो साहेब" म्हणतो, पण ते शब्द अजून वाटेत आहेत. एक सेकंदाचे मौन सोसून विचारणारा पुन्हा म्हणतो, "पाठवला नाही का?" आणि त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाचा "हो" येऊन दुसऱ्या प्रश्नाला चिकटतो. मराठीत नकारार्थी प्रश्नाला दिलेला 'हो' त्या नकाराला दुजोराही ठरू शकतो. अहवाल गेलेला आहे, उत्तर खरे आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नेमका उलटा अर्थ उमटला आहे. येथे ध्वनी बिघडला नाही, व्याकरण चुकले नाही. फक्त शब्द आणि त्याची वेळ यांची फारकत झाली.

ही फारकत दोन्ही टोकांना सारखीच असते, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. प्रत्येकाला आपण वेळेवर बोललो आणि दुसराच रेंगाळला असे ऐकू येते. मात्र त्या अनुभवाचे वजन सारखे नसते. दूरच्या कार्यालयातील माणसाला साहेब मंद वाटला तर त्याची नोंद कोठेही होत नाही. साहेबांना तो माणूस मंद वाटला तर होऊ शकते. शोनेनबर्ग, राके आणि कोप्पे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही शंका प्रयोगाने तपासली गेली. मार्गातील विलंब वाढला असता बोलणाऱ्यांनी त्याचा दोष मार्गाला पुरता न देता पलीकडच्या व्यक्तीला दिला. ती कमी लक्ष देणारी वाटली. अलास्कातील सेविकेला कळ दाबून बोलावे लागे तेव्हा तिच्या वाट्याला हा दोष येत नव्हता. यंत्र जितके साध्या टेलिफोनसारखे झाले तितके त्याने स्वतःला लपविले, आणि त्याचा उशीर माणसाच्या स्वभावात जमा होऊ लागला.

पूर्वी बाजूला पडलेली वाट पुढे पुन्हा उघडली. 'इरिडियम'ने १९९८ मध्ये सुमारे ७८० किलोमीटरवरून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांवर सेवा सुरू केली. 'स्टारलिंक'ने २०१९ पासून सुमारे ५५० किलोमीटरवर हजारो उपग्रह नेले. तेथे अंतराळातील वाटचालीला काही मिलिसेकंद पुरतात आणि संभाषणाची पाळी बहुतांशी आपल्या जागी परतते. तरी भूस्थिर उपग्रहांवर चालणारी केंद्रे अद्याप पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्यात उच्च वारंवारतेचा मार्ग क्षीण झाला की त्यांवरील बोलणे तुटते तेही निराळेच. भाषेच्या अभ्यासासाठी हाच काळ सोयीचा आहे. एकाच कार्यालयातील तीच दोन माणसे एकदा वरच्या आणि एकदा खालच्या उपग्रहावरून बोलताना ध्वनिमुद्रित करता येतील, आणि मराठीतला हुंकार नेमका कोणत्या मिलिसेकंदाला येतो व किती उशिरानंतर तो अडथळा ठरतो, हे मोजता येईल.