साखरेचं कार्ड

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की करमाळा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरांत एक प्रश्न हमखास निघायचा, ‘साखर कधी वाटणार?’ ही साखर दुकानातली नव्हे, रेशनचीही नव्हे. ही सभासद साखर. सहकारी साखर कारखान्याचा शेअर असलेल्याला ठरावीक किलो साखर बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळायची. त्याचं कार्ड घरात सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत एकाच पिशवीत ठेवलेलं असे. त्यावर शिक्का पडला की पोतं घरी यायचं, आणि करंज्या-लाडवांच्या आधी ‘यंदा किती स्वस्त पडली’ याची चर्चा व्हायची.

आज शहरातल्या मॉलमध्ये बिल करताना काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर विचारते, पॉइंट जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि आपल्याला वाटतं की ही काहीतरी नवी, परदेशी तऱ्हा आहे. शॉपर्स स्टॉपने ‘फर्स्ट सिटिझन’ ही योजना १९९४ साली सुरू केली, तिथून आपल्याकडचा इतिहास सांगायची पद्धत आहे. पण गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची आणि त्या बांधिलकीचं थोडं मोल परत देण्याची कला इथे फार जुनी आहे. करमाळ्याच्या मातीत तिचे निदान दोन थर सापडतात.

पहिला थर वहीचा. करमाळा ही बालाघाट आणि पुणे यांच्यामधल्या मालाची वाटेवरची मोठी पेठ. रेल्वे आल्यावर तो व्यापार जेऊर आणि बार्शी रोड या स्टेशनांकडे सरकला, पण जनावरं, धान्य, तेल आणि कापड यांची उलाढाल करमाळ्यात टिकून राहिली. अशा पेठेत दुकानदार आणि सावकार बरेचदा एकच असे, आणि शेतकरी त्याचं गिऱ्हाईक नव्हे, ‘कूळ’ असे. शब्दच सगळं सांगतो. गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. कुळाचं नाव खतावणीत असतं, आणि जोवर बाकी आहे तोवर ते कुठे जात नाही. सणाला दिलेलं धोतर, पोराच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा ही त्या काळातली बक्षिसं. ती खोटी नव्हती, पण गुळाच्या खड्याची किंमत कीर्दीत कुठल्या ओळीत चढली हे कुळाला वाचता येत नव्हतं.

त्याचा स्फोट शेजारच्या पुणे जिल्ह्यात झाला. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. लोकांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता, हे त्या दंग्यांचं वैशिष्ट्य. मग १८७९ चा डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता, म्हणजे करमाळाही त्यात आला. या कायद्याचा उल्लेख कर्जमाफीसारखा केला जातो, पण मला त्यातलं एक छोटं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क त्याने शेतकऱ्याला दिला. ज्याच्या हातात वही त्याच्याच हातात व्यवहार, हे ओळखून एक प्रत कुळाच्या घरी जावी असं कायद्याने म्हटलं. वाचता न येणाऱ्या कुळांना त्याचा किती उपयोग झाला असेल हा भाग वेगळा.

दुसरा थर सहकाराचा, आणि त्याचं मूळ इंग्लंडात आहे. १८४४ च्या डिसेंबरात रॉचडेल गावातल्या अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकरही होते, टोड लेनवर एक दुकान उघडलं. माल बाजारभावानेच विकायचा, आणि उरलेला नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचा. ज्याने जास्त विकत घेतलं त्याला जास्त. आजच्या पॉइंटची पणजी ती हीच. फरक एवढाच की रॉचडेलमध्ये गिऱ्हाईक दुकानाचा मालकही होता. पुढे १८९६ मध्ये अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू घ्यायची. इथे मालकी गळून पडली, फक्त बक्षीस उरलं. तिकिटांचा खर्च दुकानदार मालाच्या किमतीतून काढत असे, हे सांगायला नकोच.

महाराष्ट्राने रॉचडेलचं बोट धरलं. मुंबईत १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या काही दशकांत तोच नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. करमाळा तालुक्यात शेलगाव-भाळवणीला आदिनाथ आणि भिलारवाडीला मकाई हे दोन कारखाने झाले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने लाभांशावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात सूट द्यायची वाट मोकळी ठेवली. सभासदाला स्वस्त साखर ही त्याच वृत्तीची.

ही सवलत किती मोठी मानायची, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. आयकर खात्याचं म्हणणं, बाजारभाव आणि सभासदांचा भाव यांतला फरक म्हणजे कारखान्याने वाटलेला नफाच. कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात २०१२ साली न्यायालयाने प्रकरण फेरतपासणीसाठी परत पाठवलं आणि काही गोष्टी तपासायला सांगितल्या. सणासुदीला स्वस्त साखर द्यायची ही या उद्योगातली रूढी झाली आहे का? किती साखर द्यायची हे कशावरून ठरतं? आपल्या दिवाळीच्या पोत्यावर एवढा गंभीर विचार झालेला पाहून मौज वाटते, पण प्रश्न नेमके होते.

तेच प्रश्न सभासदानेही स्वतःला विचारायला हवे होते. समजा, वर्षाला ५० किलो साखर मिळाली आणि किलोमागे १५ रुपये वाचले. झाले ७५० रुपये. आता त्याच घराचा १०० टन ऊस कारखान्याला जातो, आणि शेजारचा कारखाना टनाला १०० रुपये जास्त देतो आहे. म्हणजे १०,००० रुपये हातचे गेले. पोतं डोळ्यांना दिसतं, टनामागचा फरक दिसत नाही. झोनबंदी होती तोवर ऊस दुसरीकडे नेताच येत नव्हता, तेव्हा हा हिशेब करून उपयोग नव्हता. ती उठल्यावरही ‘आपला कारखाना’ म्हणून अनेकांनी तो केला नाही. मी त्यांना भाबडे म्हणणार नाही. शेअर त्यांचा होता, मतदान त्यांचं होतं, गेटवर जाऊन भांडायची सोय होती. पण आदिनाथचे काही हंगाम गाळपाविना गेले, तेव्हा पिशवीतलं कार्ड नुसता कागद उरलं.

मॉलच्या पॉइंटांचं गणित याहून सोपं आहे, कारण त्यात आपुलकीची भेसळ नाही. समजा, २०० रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत ६० पैसे. परतावा झाला शेकडा ३० पैसे. दोन हजारांच्या किराण्यावर सहा रुपये मिळतात, आणि तूरडाळ बाहेरच्यापेक्षा किलोला आठ रुपये महाग असेल तर एका किलोतच ते फिटतात. म्हणून जे घ्यायचंच होतं त्यावर मिळालेला पॉइंट फायद्याचा. पॉइंटसाठी घेतलेली दुसरी बाटली नव्हे. गिफ्ट व्हाउचर असेल तर ते कुणी काढलं हे पाहावं. अनेक दुकानांत चालणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येणाऱ्या प्रीपेड व्हाउचरला निदान एक वर्षाची मुदत असते. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानासाठी काढलेलं व्हाउचर मात्र त्या नियमांत येत नाही. तिथे मागे बारीक अक्षरांत छापलं असेल तेच खरं. डीमार्टने तर मोठ्या पॉइंट योजनेच्या नादाला न लागता रोजचा भावच कमी ठेवायचा मार्ग धरला. त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढण्याआधी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली होती, हा योगायोग मला आवडतो.

१८७९ च्या कायद्याने कुळाला वर्षाचा उतारा मागायचा हक्क दिला होता. पॉइंट कधी मोजले, कधी संपले, एका पॉइंटची किंमत मध्येच कमी का झाली, याचा उतारा आज ॲपमध्ये असतो खरा. पण अटी बदलायचा अधिकार दुकानाकडेच राहतो, आणि वहीही त्याचीच.

मागच्या दिवाळीत एका मॉलच्या काउंटरवर माझ्यापुढे आमच्याच तालुक्यातले एक आजोबा होते. मुलीने नंबर विचारला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून पुण्यातल्या मुलाचा नंबर वाचून दाखवला. माल त्यांचा, पैसे त्यांचे, पॉइंट पुण्याला. ‘असू द्या,’ म्हणाले, ‘साखरेचं कार्डबी आता त्याच्याच नावावर केलंय.’