अचूक करवतीची दोनशे वर्षे: टेबल सॉ निवडताना इतिहास काय सांगतो?

१/ चित्राच्या एका साध्या चौकटीला चार कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यात ४५ अंशांचे दोन काप, म्हणजे एकूण आठ काप. प्रत्येक काप केवळ अर्ध्या अंशाने चुकला, तरी शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट पडते. मराठी सुतार इंचाचे आठ सूत मानतो, आणि ही चूक सुताच्याही आतली. हौशी सुतारकामात ‘अचूक टेबल सॉ कोणती?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो तो यामुळेच. त्याचे उत्तर यंत्राच्या इतिहासात टप्प्याटप्प्याने घडत गेले आहे.

२/ आरंभ एका लोकप्रिय आख्यायिकेपासून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेकर पंथातील टॅबिथा बॅबिट या स्त्रीने १८१० च्या सुमारास चरख्याचे फिरते चाक पाहून गोल करवत शोधली, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. कथा सुंदर आहे. परंतु इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरच्या १७७७ च्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख येतो. टॅबिथाचा जन्म १७७९ चा. तिने ही कल्पना स्वतंत्रपणे लढवली असेलही, पण पहिलेपणाचा मान तिला देता येत नाही.

३/ या करवतीला खरे मोल आले ते आरमारामुळे. शिडाच्या जहाजावर दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत, आणि ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला त्या सुमारे १,००० लागत. पोर्ट्समथच्या गोदीत सॅम्युअल बेन्थमच्या पुढाकाराने, मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांनुसार आणि हेन्री मॉड्स्लीच्या कारखान्यात घडवलेली यंत्रे १९व्या शतकाच्या पहिल्याच दशकात उभी राहिली. जे काम पूर्वी ११० कुशल कारागीर करत, ते १० माणसे करू लागली. १८०८ मध्ये तेथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या.

४/ येथे एक मूलभूत बदल घडला. तोवर अचूकता कारागिराच्या मनगटात होती. आता ती ओतीव लोखंडाच्या सांगाड्यात गेली. यंत्र सरळ, तर काप सरळ. मात्र यंत्र वाकडे असेल तर तोच वाकडेपणा प्रत्येक तुकड्यात इमानाने उतरणार, हीही त्याच बदलाची दुसरी बाजू.

५/ शतकभराने हे यंत्र कारखान्यातून घरात आले. हर्बर्ट टाउट्झ याने १९१९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्थापन केलेल्या डेल्टा कंपनीने घरगुती कार्यशाळांसाठी लहान यंत्रे विकण्यास आरंभ केला. त्या काळच्या अनेक करवतींत तिरका काप घेण्यासाठी पाते नव्हे, तर सबंध टेबल कलवावे लागे. उतरत्या टेबलावर जड फळी हातांनी धरून ठेवताना ती घसरणार, हे उघडच होते.

६/ १९३९ मध्ये आलेल्या डेल्टाच्या ‘युनिसॉ’ने हा क्रम उलटा केला. टेबल आडवे व स्थिर. कलणार ते पाते. शिवाय पात्याचा आस पेलणारी जड यंत्रणा लोखंडी पेटीत बंदिस्त. पुढे ‘कॅबिनेट सॉ’ म्हणून जो वर्ग रूढ झाला, त्याचा नमुना हाच. या वर्गात यंत्रणा सहसा पेटीला जोडलेली असते. त्यामुळे चार बोल्ट सैल करून टेबल किंचित सरकवले की पाते व टेबलावरील खाच समांतर करता येतात. स्वस्त करवतींत यंत्रणा टेबलाच्या पोटाला लटकलेली असते आणि हीच जुळणी तेथे कष्टाची ठरते.

७/ तरीही एक दुबळी जागा उरली होती: फळीला आधार देणारी पट्टी, म्हणजे फेन्स. जुन्या फेन्स पुढे आणि मागे अशा दोन्ही टोकांना आवळल्या जात. एक टोक आधी बसले की दुसरे तिरके होई. प्रत्येक कापाआधी दोन्हीकडे मोजपट्टी लावणे भाग पडे. ॲरिझोनाच्या विल्यम बीसमायर याने टी-स्क्वेअरचे तत्त्व वापरून केवळ पुढच्या दांड्यावर पक्की बसणारी आणि आवळताच आपोआप समांतर होणारी फेन्स तयार केली. तिचे पेटंट १९८० चे. आज बाजारातील असंख्य फेन्स याच आराखड्याच्या वंशज आहेत.

८/ समांतरतेचा प्रश्न केवळ सुबकतेचा नाही. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेली असेल, तर लाकूड दोघांमध्ये चिमटले जाते. पात्याचे मागचे दाते टेबलातून वर येत असतात. ते लाकूड उचलून थेट माणसाच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. पात्यामागे उभी असणारी पातळ पोलादी पट्टी, अर्थात रायव्हिंग नाइफ, हा धोका पुष्कळ कमी करते. यंत्राची अचूकता आणि माणसाची सुरक्षितता येथे एकाच बिंदूवर भेटतात.

९/ इतिहासाचा पुढचा टप्पा एका हौशी सुताराचाच आहे. स्टीव्ह गॅस हा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पेटंट वकील. १९९९ मध्ये त्याने अशी यंत्रणा कल्पिली, की त्वचेचा स्पर्श होताच पात्यावरील विद्युत संकेत बदलावा आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून काही मिलिसेकंदांत पाते थांबावे. प्रात्यक्षिकासाठी बोटाऐवजी सॉसेज वापरले गेले. मोठ्या उत्पादकांशी परवान्याचे करार जुळले नाहीत, तेव्हा गॅस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःच ‘सॉस्टॉप’ करवत २००४ मध्ये बाजारात आणली.

१०/ या क्रमातून निवडीची कसोटी आपोआप हाती येते. अश्वशक्ती आणि पात्याचा व्यास जाहिरातीत ठळक असतात. अचूकता मात्र अन्यत्र असते. टेबल सपाट आहे का? पात्याचा आस डगमगतो का? पाते खाचेला सुमारे ०.१ मिलिमीटरच्या आत समांतर करता येते का, आणि ते ४५ अंशांत कलवल्यावरही तसेच राहते का? फेन्स दहा वेळा हलवून आवळली, तर दहाही वेळा समांतर बसते का? रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वरखाली होते का?

११/ काटकोनाची परीक्षा पाच कापांची. एका फळीच्या चारही बाजू क्रमाने कापाव्यात. प्रत्येक वेळी नुकतीच कापलेली बाजू सरकत्या आधाराला टेकवावी. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची एक पट्टी काढावी. तोवर चूक चौपट झालेली असते. ४०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत ०.४ मिलिमीटर फरक आला, तर प्रत्यक्ष चूक त्या लांबीत ०.१ मिलिमीटर. जी चूक गुण्या लावून डोळ्यांना दिसत नाही, ती अशी मोजता येते.

१२/ पोर्ट्समथमध्ये अचूकता हातातून यंत्रात गेली, पण पारखणारा डोळा माणसाकडेच राहिला. महागडी करवतही जुळवल्यावाचून वाकडी कापते, आणि साधी पण जुळवून घेता येणारी करवत वर्षानुवर्षे सरळ कापते. खरेदी करताना विचारण्याजोगा पहिला प्रश्न म्हणूनच असा: ‘ही करवत बिघडली, तर ती पुन्हा सरळ करता येईल का?’