दाराशेजारचे मीटर : घरगुती इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

जुन्या वाड्यांची पाहणी करताना आपण तुळया मोजतो, कोनाडे टिपतो, चौकटीवरच्या कोरीवकामाचे फोटो काढतो. दाराशेजारी लाकडी फळीवर, चिनी मातीच्या कटआउटजवळ बसवलेल्या काळ्या डब्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक त्या घराच्या राहणीचा इतका काटेकोर हिशेब दुसऱ्या कुठल्याच वस्तूने ठेवलेला नसेल.

हा डबा जन्मला तो विकणारा आणि घेणारा यांच्यातला वाद मिटवायला. तेल मापात दिसते, विजेचे तसे नाही. एडिसनचे न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीट केंद्र 1882 साली सुरू झाले. त्याच्या मीटरमध्ये द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. विजेचा ठरावीक अंश त्यातून जाई, आणि महिन्याने कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन वजन करी. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून आत एक दिवाही असे. म्हणजे मीटर गिऱ्हाइकाच्या घरात, पण ते वाचणार फक्त कंपनी!

1889 साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओटो ब्लाथी याने एसी विजेसाठी फिरत्या चकतीचे मीटर केले. आपल्या आजोबांच्या घरातले मीटर याच घराण्यातले. एक गुंडाळी दाबाची, दुसरी प्रवाहाची. दोन्ही मिळून ॲल्युमिनियमची चकती फिरवतात. कायमचा चुंबक तिला ब्रेक लावतो. त्यामुळे वापर दुप्पट तर वेग दुप्पट, आणि फेऱ्यांची बेरीज म्हणजे खर्चलेली वीज. सगळे काचेतून दिसणारे. घरातल्या कोणालाही दिवा लावून चकती फिरताना पाहता येई. मोजमापावर दोन्ही बाजूंचा डोळा आला, ही माझ्या मते या यंत्राची खरी कामगिरी.

कायद्यानेही हेच धरले. 1910 च्या भारतीय वीज कायद्याच्या 26 व्या कलमात मीटर 'बरोबर' असलेच पाहिजे, वाद झाला तर निर्णय सरकारी इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरचा, आणि मागची दुरुस्ती जास्तीत जास्त 6 महिन्यांची, अशी तरतूद होती. पुढे 1956 च्या नियमांनी चुकीची मर्यादा सर्वसाधारणपणे 3 टक्के ठरवली. आपण सर्रास म्हणतो ते 'युनिट' मूळचे ब्रिटिश 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट', म्हणजे 1000 वॅट एक तास.

आता यातून घर कसे वाचायचे? समजा जुन्या बिलावर महिन्याला 14 युनिट आहेत. 40 वॅटचे 3 दिवे रोज 4 तास जळले तर 30 दिवसांत 14.4 युनिट होतात. म्हणजे घर दिव्यांपुरतेच. पुढे एका उन्हाळ्यात आकडा 32 वर गेला, तर बहुधा पंखा आला : 75 वॅट, रोज 8 तास, महिन्याला 18 युनिट. पावसाळ्यात आकडा खाली आला तर अंदाज आणखी पक्का. अर्थात पाहुणे, लग्नकार्य, बंद पडलेले मीटर यांमुळेही आकडे हलतात. एका बिलावरून निष्कर्ष काढू नये, वर्षाची साखळी लावावी.

मीटरवर 'प्रति युनिट 600 फेरे' असे काही लिहिलेले असते. अशा मीटरची चकती 6 सेकंदांत एक फेरा मारत असेल, तर त्या क्षणी घरात 1000 वॅट चालू आहेत. घड्याळासारख्या अनेक तबकड्यांचे मीटर असेल तर जरा सावध : शेजारच्या तबकड्यांचे काटे उलटसुलट फिरतात, आणि काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागचाच आकडा घ्यायचा.

बेळगावकरांसाठी एक खास सूचना. इथल्या जुन्या कागदावर 'एम.एस.ई.बी.' दिसले की लगेच महाराष्ट्र समजू नका. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि 1957 साली म्हैसूर राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे तीच! महाराष्ट्राचे मंडळ तर 1960 चे. राज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले, तेव्हा 'के.ई.बी.' हे नाव त्यानंतरचे, 'के.पी.टी.सी.एल.' 1999 पासून आणि 'हेस्कॉम' 2002 पासून. तारीख फाटलेल्या बिलाचा काळ एवढ्यावरून बराच आवळता येतो. राज्य बदलले, भाषेचा वाद पेटला, पण त्याच फळीवरची चकती फिरतच होती. हा इतिहासही सीमाप्रश्नाचाच भाग आहे.

आता चकतीची मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आली. ती बारीक वापरही नीट मोजतात. लुकलुकणारा छोटा दिवा फेऱ्यांचे काम करतो. पण जुनी मीटर भंगारात चालली आहेत आणि बिलांच्या तारा रद्दीत. म्हणून विनंती : मीटर बदलायला माणूस येण्याआधी नावाच्या पट्टीचा आणि आकड्यांचा फोटो घ्या. सीलला हात लावू नका, मीटर आपल्या मालकीचे असेलच असे नाही. बिलांची तार मात्र आपलीच आहे. ती रद्दीवाल्याला देण्याआधी वर्षवार लावून युनिटचे आकडे एका वहीत उतरवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून समोर लिहा : पंखा कधी आला, रेडिओ कधी, शेगडी कधी. आकडे कागदावर टिकतात, कारणे फक्त त्यांच्या आठवणीत आहेत.