शिक्का, मोर्तब आणि परवलीचा शब्द

'शिक्कामोर्तब' हा शब्द आज आपण कोणत्याही निर्णयाच्या अंतिमतेसाठी सहज वापरतो. त्याचे दोन घटक मात्र दोन निराळ्या वस्तूंची नावे आहेत, याचा आपल्याला विसर पडला आहे. मोडी दप्तरातले जुने पत्र पाहिले की त्यांतला भेद ध्यानात येतो. शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, हे ती सांगते. मोर्तब म्हणजे मजकूर संपताच उमटविलेली लहान मुद्रा. तिच्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, एवढाच तिचा हेतू. लांब पत्रात कागदाच्या जोडांवरही पाठीमागून मुद्रा उमटवीत, म्हणजे मधला बंद बदलता येत नसे. बोलतो कोण आणि बोलणे संपते कोठे, हे दोन प्रश्न त्या कारकुनांना नीट कळले होते. संगणकाच्या काळात ज्याला आपण ओळख पटविणे आणि मजकुराची शाबूती म्हणतो, ते प्रश्न हेच.

परंतु मुद्रा ही वस्तू आहे. ती चोरता येते, तिची नक्कल करता येते. मग मुद्रा उमटली म्हणजे माणूस बोलला, असे मानावे काय? या प्रश्नाने साताऱ्याच्या इतिहासात एका राज्याचा घास घेतला. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कंपनी सरकारने ठेवलेल्या आरोपांपैकी एक गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेशी गुप्त पत्रव्यवहाराचा होता. महाराजांच्या शिक्क्याचे कागद पुरावा म्हणून पुढे आले. ते बनावट असल्याचे महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते. त्याची उघड चौकशी झाली नाही. दोष कबूल करून सही द्यावी, म्हणजे माफी मिळेल, असे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यांनी सुचविले. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबर 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून पुढे काशीला धाडण्यात आले. तेथेच 1847 साली त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते 1840 पासून 1853 पर्यंत लंडनमध्ये झगडले. प्रबोधनकार ठाकरे यांचा 'रंगो बापूजी' हा ग्रंथ त्याच झुंजीचा आहे. या प्रकरणाकडे आपण राजकीय अन्याय म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या पोटात पुराव्याचाही एक प्रश्न आहे. 'शिक्का तुमचा, म्हणून कृत्य तुमचे' असे एकदा ठरले की खोटेपणा सिद्ध करण्याचे ओझे ज्याचा शिक्का, त्याच्याच माथी येते.

व्यापारी पेठांनी याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले होते. 1801 साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीस राजधानी केली. ही पेठ पुढे हळदीसाठी नावारूपाला आली. अशा पेठांचा दूरचा व्यवहार हुंडीवर चाले. 'शाहजोग' हुंडीची रक्कम कोणाही वाटसरूच्या हाती पडत नसे. ती बाजारात पत असलेल्या शाहाच्या मार्फतच मिळे. हुंडी चोरीची वा खोटी निघाली तर त्या शाहाने रक्कम व्याजासह परत करावी, असा रिवाज होता. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' नावाची दुसरी प्रत आणि तीही हरवली तर 'परपेठ' नावाची तिसरी प्रत निघे. म्हणजे चोरी होणारच, हे गृहीत धरून तिच्यानंतर काय करावयाचे, ते आधीच ठरलेले होते. कागदाच्या मागे एक जबाबदार माणूस उभा असे.

परवलीच्या शब्दाची रीत पहाऱ्यावरची. शब्द सांगेल तो आपला. संगणकाने हीच रीत उचलली आणि तिच्यातला दोषही उचलला. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत 1962 साली ॲलन शेर या संशोधकाने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. कारण ती यादी यंत्रात जशीच्या तशी ठेवलेली होती. पुढे 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी मूळ शब्द न साठविता त्याचे उलट न फिरविता येणारे रूप कसे साठवावे, याचे विवेचन केले. यंत्र तेव्हापासून बरेच शहाणे झाले. म्हणून चोर यंत्राकडून माणसाकडे वळला.

आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांना वीजबिल थकल्याचा फोन आला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केले आणि काही मिनिटांत खाते रिकामे झाले. बँकेत गेल्यावर उत्तर मिळाले, "सर, ओटीपी तुमचाच होता ना?" पैशांपेक्षा हा प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविणारा माणूस महिनाभर घराबाहेर पडला नाही. आम्हांला 1839 आठवले, ते त्या वाक्याने.

नियम मात्र इतका सरळसोट नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. दोष ग्राहकाचा नसेल आणि त्याने 3 कामकाजी दिवसांत कळविले तर त्याच्यावर तोशीस नाही, असे त्यात म्हटले. शब्द स्वतःहून सांगितला असेल तर तक्रारीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, तक्रारीनंतरचे बँकेचे. म्हणून कळविण्याची वेळ ही खरी मोर्तब आहे. तिच्यापुढे चोराने काही लिहिले तरी ते आपल्या नावावर पडू नये. त्यासाठी बँकेला आणि 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी, मग पोलिसांत जावे. दर खात्याला वेगळा आणि लांब परवलीचा शब्द असावा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हापुन्हा सांगावे.

तरीही एक उणीव उरते. चोरीची रक्कम आज भाड्याने घेतलेल्या परक्या खात्यांतून पुढे सरकते. ही खाती म्हणजे पत नसलेले शाहा. ज्याच्या दारातून चोरीचा पैसा गेला त्याने उत्तर द्यावे, हा हुंडीचा न्याय आमच्या मते आजही सर्वांत शहाणा आहे. तो पुरता अंमलात येईपर्यंत निदान एवढे करावे: फसलेल्या माणसाला प्रथम 'शिक्का तुमचाच ना?' असे विचारू नये. साताऱ्यात तो प्रश्न एकदा विचारून झाला आहे.