हाडांवरच्या गाठींची कुळकथा

मुलाला आंघोळ घालताना गुडघ्याजवळ आईच्या हाताला टणक उंचवटा लागतो. तो दुखत नाही, दाबला तरी हलत नाही. पुढे तसाच एक खांद्याजवळ, एक घोट्यापाशी सापडतो. सुमारे पन्नास हजारांत एकाला होणाऱ्या या विकाराचे नाव ‘हेरेडिटरी मल्टिपल एक्सोस्टोसिस’. त्याचे मर्म वैद्यकाला उमगायला दोनशे वर्षे लागली.

लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ च्या सुमारास व्याख्यानांत अशा रुग्णाचे वर्णन केले. १८१४ मध्ये पॅरिसच्या अलेक्सी बुआये यांनी एका कुटुंबाचीच नोंद केली आणि गाठी पिढीजात उतरतात हे पुढे आले. तरीही बराच काळ वैद्यांचे लक्ष गाठीवरच राहिले.

ते लक्ष हाडाच्या वाढीकडे वळवले आर्थर कीथ यांनी. हंटर यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या लंडनच्या वस्तुसंग्रहालयाचे ते प्रमुख होते. लांब हाड टोकांजवळच्या कूर्चेच्या वाढपट्टीतून लांब होते आणि वाढता वाढता टोकांखालचा रुंद भाग झिजून सडपातळ होतो. या विकारात नेमकी ही घडण बिघडते, असे कीथ यांनी १९२० च्या सुमारास मांडले.

सांगाड्यावरचे परिणाम पाहिले की त्यांच्या म्हणण्याचे मोल कळते. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडे शेजारी वाढतात. करंगळीकडचे हाड मागे पडले की अंगठ्याकडचे धनुष्यासारखे वाकते, मनगट करंगळीकडे झुकते, कधी कोपराचा सांधा निसटतो. गुडघे आत वळतात, एक पाय आखूड राहतो, उंची कमी भरते. गाठीखाली शीर दबली तर मुंग्या येतात, पाऊल उचलणे जड जाते.

मूळ कारण १९९५ आणि १९९६ मध्ये हाती लागले: आठव्या गुणसूत्रावरचे ईएक्सटी१ आणि अकराव्यावरचे ईएक्सटी२ या जनुकांतील बिघाड. ही जनुके पेशींवर ‘हेपरान सल्फेट’ या शर्करासाखळ्या विणतात, हे १९९८ मध्ये कळले. वाढीचे संदेश या साखळ्यांमुळे मर्यादेत राहतात. साखळ्या अपुऱ्या पडल्या की वाढपट्टीच्या कडेची कूर्चा भलत्या दिशेने वाढू लागते आणि तिचेच पुढे हाड बनते.

आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असला, तर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. काहींमध्ये तो घराण्यात प्रथमच उद्भवतो. म्हणून या विकाराचे निदान एका मुलापाशी थांबवू नये. भावंडे तपासावीत, आईवडिलांचीही हाडे चाचपावीत. वाढीचे वय शिल्लक असेल, तर वळलेला गुडघा वाढपट्टीजवळ छोटी प्लेट बसवून सरळ करता येतो. वय सरल्यावर हाड कापावे लागते. निरुपद्रवी गाठ काढण्याची गरज नसते.

हाडांची वाढ थांबली की गाठींची वाढही थांबते. त्यानंतर एखादी पुन्हा वाढू लागली किंवा दुखू लागली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावी, कारण थोड्या रुग्णांत तिचा कर्करोग होतो. घरातल्या प्रत्येक रुग्णाला हे ठाऊक हवे. ते सांगण्यात संकोच नको. आईवडिलांचा यात काहीही दोष नसतो.