मोमिनाबादच्या छावणीतून विलायतेला

एकोणिसाव्या शतकात बीड जिल्ह्यातून परदेशी गेलेले पत्र शोधायचे, तर आधी त्या वेळी इथे अंमल कोणाचा होता ते ध्यानात घ्यावे लागते. बीड निजामाच्या मुलखात होते, आणि हैदराबाद रियासतीचे टपाल खाते वेगळे होते. रियासतीचे पहिले तिकीट १८६९ मध्ये निघाले, एक आण्याचे. १८७१ पासूनच्या मालिकेत किंमत फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि देवनागरी अशा चार लिप्यांत छापलेली दिसते. मराठवाड्याची लिपी सरकारी टपालावर इतक्या लवकर आली, याचे मला फार मोल वाटते. पण हे तिकीट रियासतीच्या हद्दीबाहेर चालत नसे. लंडन तर सोडाच, शेजारच्या नगर-सोलापूरलाही ते निरुपयोगी. बाहेरच्या पत्राला इंग्रजी तिकीटच लागे.

मग बीडच्या परदेशी टपालाचा माग कुठे काढायचा? माझ्या मते अंबाजोगाईत. त्या वेळचे तिचे नाव मोमिनाबाद, आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. शिपाई देशी, वरचे अधिकारी इंग्रज. रियासतीत अशा छावण्यांच्या आणि रेल्वेच्या ठाण्यांवर इंग्रज सरकारच्या टपालकचेऱ्या असत. घरी पत्र धाडणारा अधिकारी आणि व्हिक्टोरिया राणीचे तिकीट, दोन्ही एकत्र येण्याचा संभव या जिल्ह्यात इथेच सर्वांत जास्त.

असे पाकीट हाती आले की आधी ते उलटे करावे. मुंबईचा शिक्का, बोटीवरच्या टपालकचेरीचा शिक्का, विलायतेत पोचल्याचा शिक्का, हे बहुधा मागच्या बाजूला असतात आणि पत्राचा रस्ता तारखांसकट सांगतात. मुंबईहून सुएझकडे जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर १८६८ पासून टपालाची छाननी बोटीतच होऊ लागली. तिकीट पाण्यात भिजवून सुटे करण्याची जुन्या संग्राहकांची सवय मला म्हणूनच जिव्हारी लागते. सुटे तिकीट अल्बमात देखणे दिसते, पण त्याचे गाव गेलेले असते.

तिकीट पाकिटावर असेल तर तेही बोलते. ‘ईस्ट इंडिया’ अशी अक्षरे आणि कागद उजेडाकडे धरल्यावर हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह असेल, तर ती १८६५ पासूनची छपाई. नुसते ‘इंडिया’ आणि चांदणी असेल, तर १८८२ नंतरची. पाकिटावरची तारीख पुसट झाली असली, तरी पत्र त्या सालाच्या आधीचे नाही एवढे तरी नक्की ठरते.

दराचा पुरावा त्याहून बारीक. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी जागतिक टपाल संघात आला. पुढे १८९१ च्या जानेवारीत परदेशी पत्राचा दर अडीच आण्यांवर उतरला, तेव्हा शिल्लक राहिलेल्या साडेचार आण्यांच्या हिरव्या तिकिटांवर अडीच आण्यांचा छाप मारून ती खपवली गेली. १८९८ च्या नाताळपासून विलायतेचे अर्ध्या औंसाचे पत्र एका आण्यात जाऊ लागले. जर्मनी-फ्रान्सला मात्र अडीच आणेच पडत. त्यामुळे १८९९ चे एक आण्याचे पाकीट जर्मनीच्या पत्त्यावर दिसले, तर कमी पडलेल्या पैशांच्या वसुलीची खूण शोधावी. ती कुठेच नसेल, तर पाकिटाच्या खरेपणाविषयीच शंका घ्यावी.

लिलावाच्या याद्यांत अशी पाकिटे बऱ्याचदा ‘हैदराबाद’ या एकाच नावाखाली घातलेली असतात. बीडच्या अभ्यासकाने तिथे थांबू नये. शिक्क्याचे इंग्रजी स्पेलिंग जसेच्या तसे, तारखेसह टिपून ठेवावे. मोमिनाबादचे आणि बीडचेही, कारण इंग्रजी कागदांत बीड ‘भीर’ होऊन येते. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाले. छावणीच्या टपालाचा शोध त्या सालापर्यंत घ्यावा.